पाहुणी आणि रिकामी नळी

मंडळी, दुपारपासून हसून राहिली आहे, म्हणून तुम्हालाही सांगते.

केशोरीत आमच्या तलावाखालच्या सगळ्यांनी यंदा उन्हाळी धानाच्या बांधीत एकेक छिद्रांची नळी पुरली आहे. हवामान बदलतंय, तर धानाचं पाणी कसं वाचेल यावर संशोधन करणाऱ्या मॅडमनी त्या दिल्या. नळीत डोकावलं की जमिनीखाली पाणी किती खोल आहे ते दिसतं. फार खोल गेलं, तरच बांधीत तलावाचं पाणी सोडायचं.

आज मॅडम बघायला आल्या. बांधीला बारीक भेगा, आणि नळी मात्र काठोकाठ भरलेली! मॅडम चक्रावल्या. आमच्यामुळे प्रयोग फसला की काय, अशी मला धास्ती.

तेवढ्यात माझे सासरे म्हणाले, "मीच वतलं बादलीभर. पाव्हणी येऊन राहिली अन् तिले रिकामी नळी दाखवू का?"

मॅडम हसत हसत बांधीच्या कडेला, धुऱ्यावरच बसल्या. "काकाजी, नळी रिकामी म्हणजे तुमचं पाणी अजून तलावात आहे!"

सासऱ्यांनी तलावाकडे पाहिलं. एरवी या दिवसांत तळ दिसतो. आज पाण्यावर बगळे होते.

तुमच्याकडेही आहे का हो असं कोणी? नंतर घरी मॅडमनी चहा अर्धाच मागितला, तर सासऱ्यांनी कप गच्च भरला.

"नळी रिकामी ठेवतो, पोरी. कप नाही ठेवत."