टॅन अंकलच्या दाराशी तिघंच आले

चाळीसेक माणसांना गायला शिकवलं त्या माणसानं, आणि परवा त्याच्या दाराशी आले किती, तर तिघं. नमस्कार नंतर करते, आधी हे ऐका.

इथं सिंगापूरला, आंग मो किओत, आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून टॅन अंकल राहतात. ऑपेरात मागे जो घोळका उभा राहून गातो ना, कोरस म्हणतात त्याला, कधी शिपाई, कधी गावकरी, त्यांना तयार करायचं काम त्यांनी जन्मभर केलं. स्वतः मात्र पडद्यामागे अंधारात, बारकी टॉर्च हलवून ताल दाखवत उभे. मी एकदा बघायला गेले होते... पुढची बाई मरायला अर्धा तास घेते, पण मागच्यांचं गाणं ऐकून अंगावर काटा आला.

माझी नात केतकी कॉलेजपासून त्यांच्याकडे गायची. मेथी निवडता निवडता तिनंच सांगितलेलं... आजी, लांब सूर धरताना सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजारचा गात असताना आपण घ्यायचा, तो घेईल तेव्हा आपण धरायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, ह्यांना श्वास लागतच नाही.

आता अंकल अंथरुणाला खिळलेत. हॉस्पिटलनं घरी पाठवलं, म्हणजे काय ते समजा. त्यांनी एकच मागितलं, आपला कोरस एकदा ऐकायचाय. त्यांच्या बायकोनं, लिलीनं, सगळ्यांना मेसेज केले.

परवा संध्याकाळी तिघं आले, तिघंही केस पिकलेले. घरात जागा नाही, म्हणून कॉरिडॉरमध्ये खिडकीशी उभे राहिले. "आंटी, यू सिट लाह," लिली मला म्हणाली. मी कसली बसते.

सुरुवात बरी झाली. मग तो लांब सूर आला... आणि तिघांचाही दम एकदमच संपला. मध्ये नुसतं भोक. खालून जाणारी बस ऐकू आली.

अंकलनी पडल्या पडल्या एक बोट उचललं. मला वाटलं, पुरे म्हणतायत. पण बोट एका जागेकडे होतं, त्या तिघांतल्या जाड्या बाईच्या डावीकडे. तिथं कुणीच नव्हतं.

"तिथं तुमची केतकी असायची," ती बाई मला म्हणाली.

केतकीनं तांजोंग पगारच्या ऑफिसातून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंय. तिथून एमआरटीनं, मेट्रोनं, येणं काही अवघड नाही. "आजी, मला त्यांना तसं बघवणार नाही," म्हणे. अगं, तू बघू नकोस. खिडकीकडे पाठ करून उभी राहा. त्यांनाही तुझं तोंड बघायचं नाहीये, ऐकायचंय.

ते तिघं शनिवारी परत येणार आहेत. तोवर अंकल असतील का, कुणी सांगावं. सकाळी कचरा टाकायला जाताना मी त्यांच्या खिडकीशी कानोसा घेते... अजून श्वास चालू आहे.

तर नमस्कार ग्रुपवरच्या सगळ्यांना. खाली कुणी फुलं, दिवे, अंगठे टाकू नका. उत्तर केतकीनंच द्यायचं, आणि तेही इथं नाही. कॉरिडॉरमध्ये.