ढवऱ्याला दिलेली सुई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. एका दमात जमेल असं मात्र नाही.

मी पशुसखी आहे. म्हणजे गावातल्या शेळ्या-कोंबड्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, आणि मोठं काही असलं तर तालुक्याच्या डॉक्टरांना फोन करायचा. बैलाला, गाईला आपण सुई मारायची नाही, हा नियम. पण डॉक्टर लांब, रस्ता जंगलाचा. लोक आधी माझ्याच दारात यायचे. मला ते आवडायचं — किती आवडायचं, हे सांगायलाही आता लाज वाटते.

आमच्या गावामागे वैनगंगेच्या काठाला अर्जुनाची उंच झाडं आहेत. त्यांवर गिधाडांची घरटी होती. वनखात्याने जवळच एका मोकळ्या जागेला कुंपण घातलं होतं; मेलेलं जनावर तिथे टाकायचं, गिधाडांनी येऊन खायचं. या सगळ्यावर लक्ष ठेवायला दसरूभाऊला नेमलं होतं. पन्नाशीचा गोंड शेतकरी, कमी बोलणारा. पण घरट्यात पिल्लू निघालं की घरात बाळंतपण झाल्यासारखा दारोदार सांगत फिरायचा.

धानाचे भारे वाहायचे दिवस होते. एका सकाळी तो आला.

"बाई, ढवऱ्या उठूनच नाई राह्यला. पाय सुजला, आंग तापून राह्यलं. काई कर न."

मी डॉक्टरांना फोन केलाच नाही. का नाही केला? त्याचा हा बैल माझ्या हातून उठावा, सगळ्यांनी पाहावं — एवढंच होतं मनात. दुसरं काही नव्हतं.

दुखणं थांबवणारी माणसांची एक सुई असते, डायक्लोफिनॅकची. गुरांना ती द्यायला बंदी आहे. ती दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांच्या किडन्या निकामी होतात. हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नका. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देईना. मग मी घरी जाऊन सासऱ्यांच्या गुडघ्याची जुनी चिठ्ठी घेऊन आले.

"एवढ्या काऊन लागते बुढ्याले?" त्याने विचारलं.

"रोज रोज यायले जमत नाई," मी म्हटलं.

त्याने दिल्या. त्या इवल्या कुप्या मी दसरूभाऊच्या गोठ्यामागे, कुणाला दिसणार नाही अशा फोडल्या आणि ढवऱ्याला सुई मारली. संध्याकाळी ढवऱ्या उभा राहिला. दसरूभाऊची बायको माझ्या पाया पडायला वाकली. मी — वाकू दिलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे बैल मेला.

दसरूभाऊने त्याला पुरलं नाही. गिधाडांच्या कामाला येईल म्हणाला. कुणाची तरी गाडी मागून, त्यात ढवऱ्याला घालून तो माझ्या दारासमोर थांबला. गाडीच्या कडेवरून बैलाचे पाय ताठ बाहेर आले होते.

"बाई, कोणती सुई मारली होती? गार्डसाहेब विचारून राह्यले. टाकायच्या आंधी लिहून घेते ते."

तेव्हाच सांगता आलं असतं. एक शब्द पुरला असता. गाडी परत फिरली असती, नदीकाठी खड्डा खणला असता, आणि दसरूभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नसता — बस, एवढंच झालं असतं.

"तापाची साधी," मी म्हटलं.

गाडी गेली. दोन दिवस मी नदीकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी दसरूभाऊ बोलवायला आला तेव्हा जावंच लागलं. झाडांवर गिधाडं बसली होती, पण माना खाली लोंबत होत्या, जशा कुणी मोडून ठेवल्यात. आवाज नाही, पंखांची फडफड नाही. आमच्यासमोर एक गिधाड फांदीवरून सुटलं आणि धप्पकन पडलं. दसरूभाऊ ओंजळीत पाणी घेऊन त्याच्याकडे धावला. मी जागची हलले नाही. पुढच्या दोन दिवसांत सात मेली. एका घरट्यात पिल्लू होतं. त्याला भरवायला कुणी आलं नाही. आधी ते मान वर करताना दिसायचं. मग दिसेनासं झालं.

डॉक्टरांनी एक गिधाड चिरलं. आत चुना फासल्यासारखं पांढरं होतं. पाहताक्षणी त्यांनी ओळखलं — डायक्लोफिनॅक.

शाळेच्या व्हरांड्यात वनखात्याच्या साहेबांनी चौकशी केली. दसरूभाऊ हात जोडून उभा होता. "मी काई नाई देल्लं साहेब. बाईनं तापाची सुई देल्ली, बस." साहेब माझ्याकडे वळले. मी क्षणभरही थांबले नाही, हेच मला आज सर्वांत जास्त छळतं.

"दसरूभाऊनंच मेडिकलातून आणून देली असन. मले नाई माहीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने जोडलेले हात सोडले, आणि त्यानंतर साहेबांनी काहीही विचारलं तरी बोलला नाही.

त्याचं काम गेलं. पोरं त्याला गिधाडमाऱ्या म्हणू लागली. त्या हंगामात नवरा-बायको दोघंही तेलंगणात मिरची तोडायला गेले. आधी ते कधी गेले नव्हते. आता परत आलेत. त्यांची शेळी आजारी पडली की त्याची बायको ती हाकत शेजारच्या गावाला नेते, माझ्या दारावरून.

अर्जुनाच्या झाडांवर यंदा घरटं नाही.

मागच्या महिन्यात वडशाला नव्या पशुसख्यांपुढे बोलायला मला बोलावलं होतं. ही सुई गुरांना का द्यायची नाही, ते मी नीट समजावून सांगितलं. आमच्या गावातली गिधाडं कशी मेली, तेही सांगितलं. मागे बसलेल्या एका पोरीने विचारलं, कुणी दिली होती ती सुई?

मी दसरूभाऊचं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, पूर्ण. तिने ते वहीत लिहून घेतलं.