वहिनीच्या चामखिळी

माझी वहिनी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसते. लोकांच्या कोटांच्या कॉलरी उलट्या करून डाग बघायचे, चिठ्ठी टाचायची आणि "हा जाईल, हा जाणार नाही" असं तोंडावर सांगायचं, हे तिचं काम. ती गिऱ्हाइकाला खोटी आशा दाखवत नाही. त्यामुळे मालक तिच्यावर नाराज असतो आणि गिऱ्हाइकं जीव टाकतात. अशा या बाईच्या मानेवर कित्येक वर्षांपासून चामखिळी आहेत. बारीक, मऊ, लोंबत्या. त्यांनी कधी कोणाचं घोडं मारलं नाही. अधूनमधून गळ्यातली चेन त्यांच्यात अडकते, वहिनी "आई गं" म्हणते आणि विषय संपतो.

एकदा एक बाई आपला कोट न्यायला आल्या आणि सुटे पैसे घेता घेता म्हणाल्या, "या काढून का नाही टाकत? एरवी इतकी छान दिसतेस." ज्या वाक्यात "एरवी" असतं, त्या वाक्याने आजवर कोणाचं भलं झालेलं मला तरी माहीत नाही. वहिनी त्या दिवशी घरी आली ती गळ्याला स्कार्फ गुंडाळून. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

झालं. आमच्या माणसांना नाक खुपसायला आमंत्रण लागत नाही. शेजारच्या काकूंनी दोरा बांधायला सांगितला, ते जमत नसेल तर लसूण चोळायला. माझ्या नवऱ्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, पण त्याने इंटरनेटवरून एक मलम शोधून काढलं. मामा म्हणाले, या भाग्याच्या खुणा, हात लावू नका. मामांच्या मानेवर अशा खुणांचं पीक आहे आणि त्यांचं भाग्य आम्ही सगळे बघतोच आहोत. मी वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे मी सल्ला वगैरे काही दिला नाही. रोज खाली येऊन फक्त विचारायची, "मग काय ठरलं?"

वहिनीला आमच्यापैकी कोणाचंच मत नको होतं. तिला एकाच माणसाचं हवं होतं, आणि त्यालाच विचारायचा धीर होत नव्हता. तो माणूस म्हणजे माझा दादा.

दादाचा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली लोक तिथे फोटो काढायला कमी आणि धुऊन निघायला जास्त येतात. दादा कॉम्प्युटरसमोर बसून मुरमं पुसतो, सुरकुत्या पुसतो, दुसरी हनुवटी असेल तर तीही काढून घेतो. गिऱ्हाईक बाहेर पडतं तेव्हा त्याच्या हातातल्या पाकिटात त्याचा कोणी तरी देखणा, लांबचा नातेवाईक असतो. सगळे खूश असतात.

शेवटी वहिनीने एकदा जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं. दादाने ताटातून मान वर न काढता सांगितलं, "मला तर त्या दिसतही नाहीत."

वहिनीचा चेहरा असा काही खुलला की मीच दुसरीकडे बघितलं. स्कार्फ खुंटीला गेला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून असं एखादं वाक्य पडलं, तर बाई ते महिनाभर पुरवून पुरवून खाते.

डॉक्टरांची वेळ मात्र आधीच घेतलेली होती, म्हणून आम्ही दोघी जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. निरुपद्रवी आहेत म्हणाल्या. ठेवल्या तरी चालतील, काढायच्या तर थोडक्यात काम आहे, फक्त घरी दोरेबिरे बांधू नका. म्हणजे जो निर्णय आम्ही त्यांच्या टेबलावर टाकला होता, तो त्यांनी घडी घालून परत आमच्या हातात दिला. निघताना त्यांनी विचारलं, साधारण कधीपासून आहेत, वाढल्यात का? जुने फोटो असतील तर बघून सांगा. फोटोग्राफरच्या बायकोला ही काय अडचण, असं म्हणून आम्ही हसतच घरी आलो.

वहिनीने अल्बम काढले. गेल्या महिन्यातल्या वाढदिवसाचा फोटो: मान स्वच्छ. समुद्रावरचा: स्वच्छ. लेकाच्या शाळेतला, तोही स्वच्छ. वहिनी पानं उलटत गेली, आधी भराभर, मग हळूहळू. एकाही फोटोत एकही चामखीळ नव्हती. तिने मानेवर हात फिरवून पाहिला. सगळ्या जागच्या जागी होत्या.

ज्या माणसाला त्या दिसत नव्हत्या, त्याने त्या एकूण एक हुडकून पुसल्या होत्या.  मी दादाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, कारण माझ्या हनुवटीवरचा तीळही त्याने उडवलेला होता आणि तो मला आवडायचा. मग माझं लक्ष भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे गेलं. आईच्या गालावर चांगला वाटाण्याएवढा मस होता. भिंतीवरच्या आईला तो नव्हता. आई गेल्यापासून आम्ही रोज त्या फोटोसमोरून ये-जा करतोय. मी म्हटलं, उजव्या गालावर होता ना? वहिनी म्हणाली, डाव्या. 

दादा आल्यावर वहिनीने अल्बम त्याच्यापुढे ठेवला.

"दिसत नाहीत म्हणालात ना? मग पुसल्या कोणी?"

दादा पानं चाळत राहिला. थाप मारायच्या आधी तो कान खाजवतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याने कान खाजवला नाही.

"खरंच आठवत नाही गं," तो म्हणाला. "हात जातो."

मी आईच्या मसाचं विचारलं. डावा की उजवा, त्यालाही सांगता येईना.

वहिनीची खरी पंचाईत तिथे झाली. नवरा खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. पण गडी खरं बोलत होता. त्याने कधी पाहिलंच नव्हतं, चामखिळीही नाहीत आणि त्या जिच्या मानेवर आहेत तिलाही नाही. ती रात्रभर रडली असावी. सकाळी डोळे सुजलेले होते आणि आवाज अगदी काउंटरवरचा होता.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन स्टुडिओत गेली आणि गिऱ्हाइकासारखी स्टुलावर बसली. केस वर बांधले, मान तिरकी केली आणि फोटो काढायला सांगितला. दादाने मुकाट्याने काढला. मग तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि बसल्या बसल्या त्याचा हात माउसकडे गेलाच. वहिनीने त्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, फक्त छापा.

दादाने छापलेला फोटो खिडकीपाशी उजेडात धरला. बराच वेळ तो एकदा फोटोकडे आणि एकदा वहिनीकडे बघत होता.

"एवढ्या आहेत?" त्याने विचारलं.

"एवढ्या आहेत," वहिनी म्हणाली. "नीट बघून घ्या. गुरुवारी काढून टाकणार आहे. चेन अडकते."