चार तासांवरची मुलगी

विमानाच्या पायरीला पाय न लावता आमच्या शेजारच्या टेलरमामांइतका विमानप्रवास केलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. सत्तरच्या दशकात मी पालमच्या शाळेत मास्तर होतो आणि मामांचं घर नि दुकान माझ्या खोलीला लागूनच होतं. त्यांची एकुलती मुलगी नर्स होऊन कुवेतला गेली, तेव्हा शाळेने टाकून दिलेला जगाचा फाटका नकाशा त्यांनी माझ्याकडून मागून नेला आणि शिलाई मशीनच्या वर टांगला. गळ्यातली टेप त्याला लावून त्यांनी मुंबई ते कुवेत अंतर काढलं : सतराशे मैल, विमानाला चार तास. पुढे सगळं जग ते विमानानेच मोजू लागले. परभणीला पोचायला किती वेळ लागेल असं कुणी विचारलं, तर म्हणायचे, "इमानानं चार मिन्टं. एष्टीचं म्या काय सांगू?" एकदा हेडमास्तरांच्या विजारीचं माप घेता घेता त्यांनी मध्येच कैरोचं अंतर काढलं. वहीत कुठला आकडा पडला कोण जाणे, विजार पोटरीवरच थांबली. मामा शांतपणे म्हणाले, "सर, तिकडं समदे आशीच घालायलेत."

मामी मात्र विचारायच्या, "चार तासावर हाय, तर पोरगी दोन वर्सं झाली येईना कशी?" मग मामा मशीन जोरात चालवायचे.

एका उन्हाळ्यात मामी तापाने आजारी पडल्या आणि तीन दिवसांत गेल्या. कुवेतला तार मीच करून आलो. मामा जमलेल्या लोकांना म्हणाले, "चार तासाचा रस्ता हाय. उद्या सांजंपस्तोर येती पोरगी. थांबू." लोक थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन लय चढलं, तेव्हा एका म्हाताऱ्या नातेवाइकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मामा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चला."

मुलगी नवव्या दिवशी आली. रजा मिळेपर्यंत चार दिवस, मग विमानाचं तिकीट, मुंबईहून रेल्वे, मनमाडला गाडी बदलणं, परभणीहून एसटी. ती दारातच बसली. मामा तिच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं,

"इमानाला किती येळ लागला गं?"

"चारच तास, बाबा."

मामांनी मान हलवली. "मंजे माजं बराबर व्हतं," असं म्हणाले आणि मामी गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

पंधरा दिवसांनी ती परत निघाली. संगं चला म्हणून तिने लय विनवलं. मामा म्हणाले, "मला तिकडं कोन वळखतंय, बाई?" परभणीला तिला गाडीत बसवून आम्ही दोघं एसटीने परतलो. घरापाशी आल्यावर मी माझ्या दाराकडे वळलो, तसे म्हणाले,

"बसा की जरासं, सर. तुमाला कुटं लांब जायचंय?"

मी बसलो. त्यांनी स्टोव्ह पेटवून स्वतःच्या हाताने चहा केला. साखर घालायची राहून गेली होती. आम्ही दोघांनीही ती मागितली नाही.