दहापर्यंतचे आकडे

आम्रपाली वाघमारे पीएचडी करता करता एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर, दरवर्षी नव्याने नेमणूक. म्हणजे वर्गात आहे तोवर मॅडम, दाराबाहेर पडली की कोणी नाही. खडकीच्या क्वार्टर्समध्ये मात्र तिचे वडील, सुखदेवराव, 'आमची प्राध्यापक' असंच सांगत. बरोबरीच्या मुली हिंजवडीला आयटीत लागल्या, तरी त्यांनी तिला कधी टोकलं नाही.

पहिलं वर्ष तिने नोट्स सांगण्यात घालवलं. पुढची मुलं उतरवून घेत, मागची झोपा काढत. एकदा निवृत्तीला आलेले विभागप्रमुख, रामदास सर, मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपल्यावर म्हणाले, "प्रश्नही तूच विचारतेस, उत्तरही तूच देतेस. मग मुलं कशाला हवीत? विचारलंस की गप्प राहा. मनात दहा आकडे मोज."

ऐकायला सोपं. पण वर्गातली शांतता अंगावर येते; तिसऱ्या आकड्यालाच तिची जीभ सुटायची. दहापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली.

मग सर निवृत्त झाले आणि त्यांच्या कायम जागेसाठी मुलाखती ठरल्या. निवड समितीपुढे दहा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. आम्रपालीने फळ्यावर मागणीचा नियम लिहिला, वळली आणि सवयीने थेट अध्यक्षांनाच विचारलं, "कांदा महागला तरी लोक जवळजवळ तेवढाच का घेतात?" आणि मोजू लागली. अध्यक्षांनी चष्मा काढला. पाच. सहा. कोणी हललं नाही. दहाला ते म्हणाले, "मॅडम, मुलाखत नक्की कुणाची चालली आहे?"

जागा दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

सुखदेवरावांनी "बरं" म्हटलं आणि टीव्ही लावला. आम्रपाली जेवली, झोपली. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने तोच प्रश्न विचारला. सात. आठ. वर्षभर तोंड न उघडलेली नम्रता उठली.

"कांद्याऐवजी दुसरं काय घालणार, मॅडम? त्याच्याशिवाय भाजीच होत नाही."

उत्तर बरोबर होतं. याच्यासाठीच तर दोन वर्षं घातली होती. आम्रपालीला काहीच वाटलं नाही. तिने ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

नम्रता अजून उभीच होती. "मॅडम, पुढच्या वर्षीही आम्हाला तुम्हीच ना?"

आम्रपाली मनात मोजू लागली. दहा झाले, तरी तिला उत्तर देता आलं नाही.