लाल पट्टीची बाटली

मॅडमनी माझ्या बाटलीला स्वतःच्या हाताने लाल पट्टी चिकटवली. सगळ्यांसमोर. म्हणाल्या, "हिची बाटली वेगळी ठेवा. स्वच्छता घरातूनच यावी लागते."

घर म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. माझं आडनाव पहिल्याच दिवशी विचारून झालं होतं.

पुण्यातली लॅब. कॅन्सरच्या पेशींवर मी तिथे मॅडमच्या हाताखाली पीएचडी करत होते. पेशींना जे लालसर पाणी पाजतात त्याला मीडिया म्हणतात. नियमाने प्रत्येकाची बाटली वेगळीच हवी. पण आमच्याकडे सगळे एकाच बाटलीतून घ्यायचे. वेगळी फक्त माझी. इन्क्युबेटर म्हणजे पेशींचं उबेचं कपाट, त्यातही मला सगळ्यात खालचा कप्पा.

मी गप्प बसले. कारण त्या खालच्या कप्प्यात आप्पा होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या न्हावरे गावातून कुरकुंभला आले आणि एका केमिकल कंपनीत कंत्राटावर ड्रम धुवायला लागले. हातमोजे मागितले तर सुपरवायझर हसायचा. पुढे मूत्राशयात गाठ निघाली. ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्या परवानग्या काढून त्या गाठीचा तुकडा मी लॅबमध्ये नेला आणि त्यातल्या पेशी वाढवायला ठेवल्या. आप्पाच म्हणाले होते, "ने पोरी. कशानं झालं त्ये तरी कळू दे." एका माणसाच्या पेशींनी कंपनीवर काही सिद्ध होत नसतं, हे मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "तरीबी बघ."

रविवारी घरी गेले की गोठ्यातल्या म्हशींची चौकशी करावी तसं विचारायचे, "माझी कशी हायत?"

"वाढत्यात, आप्पा."

लाल पट्टीचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "न्हावऱ्यात पाटलाच्या गोठ्यात माझा कप येगळाच असायचा. तिथंबी तसंच म्हन की." आणि हसले. मला त्या हसण्याचा राग आला. अजूनही येतो.

मग एका सोमवारी बुरशी आली. वरच्या सगळ्या कप्प्यांत, सगळ्यांच्या फ्लास्कमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या चपट्या बाटल्यांत. सगळ्यांनी एकाच बाटलीतून घेतलेलं. माझे फ्लास्क मात्र स्वच्छ. मला बाजूला काढलं म्हणून वाचले होते.

मॅडम म्हणाल्या, "हे कुणामुळे झालं ते मला माहीत आहे. सगळ्यात ब्लीच ओता. हिच्यात आधी."

मी माझा फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवला. "मॅडम, एकदा बघा. यात बुरशी नाही."

"मला बघायची गरज नाही."

आयुष्यभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई. माझ्यासाठी वाकली नाही.

गोठवून जपून ठेवण्याइतक्या पेशी अजून झाल्या नव्हत्या; होत्या त्या एवढ्याच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने ब्लीच ओतलं. लालसर पाणी बघता बघता फिकं पडलं. संपलं.

रविवारी आप्पांनी विचारलं, "कशी हायत?"

"मारली, आप्पा."

मी सगळं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले. तसेच म्हणाले, "माफी माग. शिक्षान पुरं कर."

मॅडमनाही तेच हवं होतं. शनिवारच्या मीटिंगमध्ये बुरशीबद्दल सगळ्यांसमोर माफी. मी उभी राहिले. म्हणाले, "माझ्या फ्लास्कमध्ये बुरशी नव्हती. तुम्ही पाहिलं नाहीत." कुणी मान वर केली नाही. ब्लीच ओतणाऱ्या मुलीनेही नाही.

मॅडमनी मला लॅबमधून काढलं. दुसरा गाईड मिळत नाही, आणि मिळेल असं वाटतही नाही. आप्पा गेले. कशानं झालं ते त्यांना कळलं नाही, आता मलाही कळणार नाही. मॅडमचा निरोप अजून येतो, माफी माग, परत घेते.

आप्पांचं सगळं ऐकत आले. हे एक ऐकणार नाही. डिग्री अडली तर अडू दे. माफी मागणार नाही.