पेन्सिलचे दहा किलो

जनावरांच्या दवाखान्यातल्या वजनकाट्याशी तिचं बावीस वर्षांचं नातं होतं, म्हणून सगळे तिला काटेबाई म्हणत. स्वभावालाही हे नाव शोभतं असं काही जणांचं मत होतं, पण ते तिच्यासमोर बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. दारातून आत आलं की डाव्या हाताला रबरी चटई घातलेला काटा, शेजारी तिचं स्टूल, वर खुंटीला तिचा पांढरा कोट. एवढ्या वर्षांत तीन डॉक्टर झाले, खुर्च्या दोनदा बदलल्या, काटेबाई मात्र जागच्या जागी.

कुत्रं काट्यावर चढलं की ती आधी आकड्याकडे बघायचीच नाही. दोन्ही तळहात बरगड्यांवर ठेवायची आणि डोळे मिटायची. "बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत," हे तिचं ठरलेलं वाक्य. मग कानाशी नाक नेऊन वास घ्यायची, पंजा उचलून नखं बघायची, ओठ वर करून दात बघायची. हे सगळं डॉक्टरांच्या आधी, आणि डॉक्टरांना न विचारता. एका बँक मॅनेजरने आपला झुपकेदार कुत्रा उन्हाळा आला म्हणून पार तासून आणला होता. "ते केस त्याचं छप्पर आहे हो! तुमच्या घराचं छप्पर काढू का आम्ही, उकडतंय म्हणून?" असं तिने भर दवाखान्यात सुनावलं. मॅनेजर लालबुंद झाला. पण पुढच्या महिन्यात कानाचं औषध घ्यायला आला तो डॉक्टरांना ओलांडून थेट तिच्याचकडे.

अशा या बाईच्या डोळ्यांदेखत, तिच्याच इमारतीत, पेन्सिल फुगत गेली.

पेन्सिल म्हणजे घड्याळवाल्या काकांची कुत्री. लांब अंग, आखूड पाय, लोंबते कान अशी ती जात. पिल्लू होती तेव्हा खरोखरच पेन्सिलीएवढी सडपातळ होती, म्हणून ते नाव. आता ते नाव ऐकून नवीन माणसं हसू दाबत. काका चौथ्या मजल्यावर राहायचे, काटेबाई दुसऱ्या, आणि लिफ्ट नावाची वस्तू त्या इमारतीने पाहिलेली नव्हती. काकू गेल्यापासून काका घराबाहेर पडत ते पेन्सिलमुळेच. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून ते घड्याळांच्या पोटात बघत बसले होते. दुकान बंद केलं त्या दिवशी म्हणाले, "आता खाली मान घालून काही बघणार नाही. माणसांची तोंडं बघणार." आणि खरंच, रस्त्याने जाताना ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघून बोलत.

एका सकाळी पेन्सिल तिसऱ्या मजल्यावरच थांबली. पायरी उतरेना, उचलायला गेलं तर केकाटली. काटेबाईने तिला एका फळीवर आडवी करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, बोलायला शांत. तिने पाठ तपासली, औषध दिलं, आणि काकांना समोर बसवून सांगितलं.

"काका, या जातीची पाठ लांब असते. जिना, उड्या आणि वजन, तिन्हींचा भार मणक्यावर येतो. या वेळी नुसती सूज आहे, वाचलो. मणक्यातली गादी सरकली असती तर मागचे पाय गेले असते. आधी तीन आठवडे पूर्ण आराम, मग सपाटीवर चालणं. जिना मात्र कायमचा बंद."

"म्हणजे मी उचलून न्यायचं," काका म्हणाले.

काटेबाईने काट्यावरचा आकडा वाचला, "तेरा किलो दोनशे."

काकांचा चेहरा पडला. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावाहून धावत आली. तिच्या घराला अंगण होतं, पायरी एकही नव्हती. "बाबा, मी पेन्सिलला घेऊन जाते. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" ती वाईट बोलत नव्हती, आणि हेच अवघड होतं. पण पेन्सिल गेली की काका पुन्हा खिडकीशी खुर्ची टाकून बसणार, हे काटेबाईला स्पष्ट दिसत होतं. काकू गेल्या तेव्हा सहा महिने तिने ते पाहिलं होतं.

"दहावर आणलं तर?" ती मध्येच म्हणाली. "पाच महिने द्या. दहा किलो झाली की काका उचलतील, पेन्सिल इथेच राहील. नाही झाली तर न्या."

"आणि तोपर्यंत जिन्यावरून कोण उचलणार?"

"मी." हे तोंडातून निघून गेल्यावर तिला स्वतःचे गुडघे आठवले.

आराम संपला आणि खाणं ठरलं. कुत्र्यांच्या कोरड्या खाण्याचे दाणे वाटीने नव्हे, औषधं मोजायच्या छोट्या काट्यावर तोलून. काकांनी त्यात जराही कसूर केली नाही. सकाळी काटेबाई पेन्सिलला खाली उतरवून दवाखान्यात जायची, काका फेरी मारायचे, मग इमारतीखालच्या बाकावर बसायचे आणि ती दहा मिनिटं मोकळी करून येऊन पेन्सिलला वर पोचवायची. संध्याकाळी पुन्हा तेच. पेन्सिल तर फिरायला इतक्या हौसेने निघायची की पट्टा ताणायची. "बघा, सडपातळ व्हायची तिलाच घाई आहे," काका कौतुकाने सांगत.

तीन आठवड्यांनी काटा म्हणाला, तेरा किलो चारशे.

काटेबाईचं डोकंच फिरलं. ती तशीच चौथ्या मजल्यावर गेली. "काका, खरं सांगा. रात्री काय घालता तिला?"

"काही नाही."

"मग हे दोनशे ग्रॅम काय हवेतून आले?"

 काकांनी दार हळूच लावून घेतलं. दोन दिवस पेन्सिलला तिच्या हातात देतानाही ते नुसती मान हलवत. माणूस भांडला असता तर बरं, असं काटेबाईला वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. तिने पेन्सिलला नेहमीसारखं खाली सोडलं, वर जाण्याचं नाटक केलं, आणि पन्नास पावलं अंतर ठेवून काकांच्या मागे निघाली.

पहिला थांबा चपला शिवणाऱ्याचा. काका त्याच्याशी बोलत होते, अर्थातच तोंडाकडे बघून, आणि बोलता बोलता चपलावाल्याचा डावा हात खाली गेला. बिस्किट. पुढे केशकर्तनालय. न्हावी दारात येऊन काकांची चौकशी करत होता आणि त्याच्या पायाशी पेन्सिल टोस्टचा कडक तुकडा कुरतडत होती. शाळेच्या फाटकावरचा पहारेकरी तर आपल्या डब्यातला लोणी लावलेला पाव अर्धा करून वाटच बघत उभा होता. स्टेशनरीच्या दुकानातली बाई काउंटरवरून वाकली आणि तिच्या मुठीतून काहीतरी हिरवं घरंगळलं.

"थांबा!" काटेबाई रस्त्याच्या मधोमध ओरडली. धावत जाऊन तिने पेन्सिलच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढलं. द्राक्ष होतं. "अहो, विष आहे हे कुत्र्यांना! मूत्रपिंडं जातात! किती दिवसांपासून देताय?"

"आजच पहिल्यांदा," ती बाई पांढरी पडून म्हणाली. "रोज चीज देते. आज संपलं होतं."

काका खाली बघत होते. बहुधा कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच. "सगळेच देतात का हो?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात राग कमी, नवल जास्त होतं.

"सगळेच. वजन उतरवायला म्हणून जी फेरी लावली, ती हिची पंगत आहे!"

शेवटी सगळी वरात दवाखान्यापाशी आली. काटेबाई अजून तावातावाने बोलत होती, "एकाला म्हणून अक्कल नाही," इथपर्यंत तिची मजल गेली होती. तेवढ्यात पेन्सिल दवाखान्याच्या पायरीसमोर येऊन व्यवस्थित बसली, मान वर केली आणि काटेबाईच्या खिशाकडे बघू लागली. तिथून ती हलेना.

काटेबाईला एकदम आठवलं. काट्यावर शहाण्यासारखी उभी राहते म्हणून, इतकी दुखली बिचारी म्हणून, दारावरून जाताना एक गोडसर बिस्किट. सकाळी एक, संध्याकाळी एक. तिने ते कधी खाण्यात धरलंच नव्हतं. खिशात हात घातला तर चुरा लागला.

"बाई," काका गंभीरपणे म्हणाले, "त्यात तुमचेही ग्रॅम असतील ना हो काही?"

ती आधी खजील झाली आणि मग इतकी हसली की आतून डॉक्टर काय झालं म्हणून बघायला आली. हसू ओसरल्यावर तिने काकांसमोर हात जोडले. "चुकलं माझं. तुमच्यावर आळ घेतला." काकांनी हात झटकून ते प्रकरण संपवलं.

आता दुसरी एखादी असती तर तिने गल्लीभर ताकीद दिली असती. काटेबाईने दोन दिवस विचार केला. या लोकांना देण्यात सुख होतं, आणि त्या सुखाला बंदी घातली की ते चोरून येणार, हे बावीस वर्षांत ती पुरतं शिकली होती. म्हणून तिने औषधाच्या रिकाम्या डब्या धुतल्या. रोज सकाळी पेन्सिलच्या दिवसाच्या दाण्यांतूनच थोडे काढून, तोलून, ती त्यात भरायची आणि कामावर जाताना वाटायची. चपलावाल्याला पाच दाणे, न्हाव्याला पाच, पहारेकऱ्याला, स्टेशनरीवालीला पाच. एक डबी स्वतःच्या खिशात. "द्यायचं ते यातलं द्या. बाहेरचं दिलंत तर गाठ माझ्याशी आहे."

न्हाव्याने आठवडाभरातच फसवलं. टोस्टचा वास पेन्सिलच्या मिशांना आला आणि तो पकडला गेला. काटेबाईने त्याला दवाखान्यात आणून काट्यावर उभं केलं, त्याच्याही बरगड्या चाचपल्या आणि "तुलाही पाच दाण्यांवर ठेवते" म्हणाली. त्यानंतर तो सुधारला. काका आता प्रत्येक दुकानापाशी आधी खाली बघत, मग वर.

बारा नऊशे. बारा चारशे. मध्ये एक महिना काटा हलायलाच तयार नव्हता, तेव्हा काटेबाईला झोप लागेना. मग अकरा आठशे. पेन्सिलला कंबर दिसू लागली. पाठीची तक्रार गेली, चाल हलकी झाली. दहा किलो सहाशेला स्टेशनरीवालीने आपल्या दुकानाच्या काचेवर आकडा लिहून ठेवला आणि गल्लीतले लोक येता-जाता तो वाचू लागले. काटेबाईचे गुडघे मात्र रोज रात्री मलम मागत होते.

पाच महिने पुरे झाले त्या दिवशी मुलगी आली. येताना कुत्रं न्यायची जाळीची टोपली घेऊनच आली. दवाखान्यात सगळी गल्ली जमली होती. पेन्सिल काट्यावर चढली. काटेबाईने हात बरगड्यांवर ठेवले, डोळे मिटले, आणि मग तिला ते उघडायचीच भीती वाटू लागली. आकडा डॉक्टरने वाचला.

"नऊ किलो नऊशे."

न्हाव्याने शिट्टी मारली. मुलगी मात्र हसली नाही. "काट्यावर ठीक आहे," ती हळू म्हणाली. "मला जिन्यावर बघायचंय. अर्ध्यात बाबांना धाप लागली, तर मी पेन्सिलला नेणार. वाईट वाटून घेऊ नका."

"बघ की," काका म्हणाले.

एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ सरळ, असं शिकवल्याप्रमाणे काकांनी पेन्सिलला उचललं. इमारतीच्या जिन्याशी आल्यावर काटेबाईचे हात आपोआप पुढे होऊ लागले. तिने ते कोटाच्या खिशात कोंबले. काका पुढे, मागे मुलगी, तिच्यामागे काटेबाई. पहिला मजला झाला. मुलगी काकांच्या श्वासाकडे कान लावून होती. दुसऱ्या मजल्यावर तिने विचारलं, "बाबा, थांबायचं का?"

"कशाला?" काका न थांबता म्हणाले. "दोन महिने पाण्याच्या लिटर-लिटरच्या बाटल्या घेऊन चढतोय मी. माझ्या डॉक्टरांना विचारूनच. आधी तीन बाटल्या, मग पाच, गेल्या आठवड्यात दहा. तुम्ही सगळे तिचंच वजन बघत होतात."

काटेबाई जिन्यातच उभी राहिली. एवढं आपल्या नाकाखाली चाललं होतं आणि आपल्याला पत्ता नाही! तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायचं सोडून ती हसतच राहिली. काकांची पावलं वर वर जात होती, एका लयीत.

तिसऱ्या मजल्यावर मुलीने कठडा धरला. टोपली खाली ठेवली. मग तीही पायरीवर बसली, एक हात छातीवर, एक कमरेवर. तिला धड बोलताही येईना.

वरून काकांचा आवाज आला, ठणठणीत.

"अगं, किती वेळ? किल्ली तुझ्याजवळ आहे! आम्ही दोघं दाराशी उभे आहोत!"